काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना: तेल-वायू क्षेत्रातील फील्ड कामगारांची सुरक्षा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वास्कोजवळच्या एका पेट्रोलियम साठवण केंद्रात आणि तिथून निघणाऱ्या तेलवाहिनीच्या देखभालीवर साठेक कंत्राटी कामगार आहेत. हेल्मेट, बूट, हार्नेस सर्वांना दिलेले आहेत, फलक लावलेले आहेत, रोज सकाळी टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक, होते आणि अपघातांची नोंदवही जवळजवळ कोरी आहे. तरीही गेल्या तीन महिन्यांत दोन वेळा माणूस मरता मरता वाचला. आपण सुरक्षा अधिकारी म्हणून नुकतेच रुजू झाला आहात आणि विचारता आहात की फील्डवरच्या माणसांची सुरक्षा खरोखर सुधारायची तर सुरुवात कुठून करावी, आणि पैसा मर्यादित असेल तर आधी काय करावे.

मी या कामात सव्वीस वर्षे आहे. पहिली नऊ वर्षे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर गेली, नंतरची सारी टाक्या, जेट्टी आणि वाहिन्या यांच्यावर, त्यातली बरीचशी गोव्यात. इतक्या वर्षांत जे प्रसंग मी जवळून पाहिले किंवा ज्यांची चौकशी केली, त्यांत कामगाराने हेल्मेट घातले नव्हते म्हणून तो दगावला असे फार थोडे होते. जीवघेणी चूक बहुतेक वेळा काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना घडते: दिवसपाळीकडून रात्रपाळीकडे, कंपनीकडून कंत्राटदाराकडे, इंग्रजी परमिटकडून (धोक्याच्या कामाच्या लेखी परवान्याकडून) ओडिया बोलणाऱ्या फिटरकडे, कार्यालयातल्या सहीकडून टाकीत उतरायच्या मॅनहोलकडे. वाहिनीची गळती शोधताना आपण पहिल्यांदा फ्लँज आणि गॅस्केट, म्हणजे सांध्याच्या चकत्या आणि त्यांच्यामधले पॅकिंग, तपासतो. सुरक्षेतली गळतीही अशा सांध्यांपाशीच शोधावी, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढचे सारे उत्तर त्याच अंगाने दिले आहे.

या मताचा सर्वांत मोठा पुरावा 6 जुलै 1988च्या रात्रीचा आहे. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर त्या दिवशी कंडेन्सेटचा (वायूतून वेगळ्या होणाऱ्या हलक्या द्रवाचा) एक पंप दुरुस्तीसाठी बंद होता आणि त्याच पंपाचा सेफ्टी वाल्वही (जास्तीचा दाब सोडणारा) तपासणीसाठी काढलेला होता. वाल्वच्या जागी छिद्र नसलेली कोरी फ्लँज नुसती हाताने आवळून बसवली होती. दिवसपाळी संपली तेव्हा वाल्वचे काम पुरे झाले नव्हते. परमिट कंट्रोल रूममध्ये ठेवले गेले, पण ‘हा पंप कोणत्याही परिस्थितीत चालू करू नका’ हे वाक्य रात्रपाळीच्या माणसाला तोंडी कुणीच सांगितले नाही. रात्री चालू पंप बंद पडला. रात्रपाळीला पंपाच्या दुरुस्तीचे परमिट माहीत होते आणि ती दुरुस्ती सुरूच झालेली नव्हती, म्हणून त्यांनी दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला तोच पंप चालू केला. वाल्वचे परमिट त्यांच्यासमोर आलेच नाही. सैल फ्लँजमधून वायू सुटला, रात्री दहाच्या सुमारास स्फोट झाला आणि 167 माणसे गेली. परमिट पद्धत होती, अर्ज होते, सह्या होत्या. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने 1990मध्ये 106 शिफारशी केल्या आणि त्यांत परमिट पद्धतीला व पाळीबदलाला फार मोठे स्थान मिळाले.

म्हणून आपण पहिल्या आठवड्यात एकच काम करावे, असे मी सुचवीन. तीन संध्याकाळी पाळीबदलाच्या वेळी गेटपाशी उभे राहावे आणि कोण कुणाला काय सांगतो ते केवळ ऐकावे. माझा अनुभव असा की बहुतेक ठिकाणी पाळीबदल बसमध्ये चढता-उतरता होतो आणि ‘सगळे ठीक आहे’ एवढ्यावर संपतो. यावर उपाय स्वस्त आहे. जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाळीच्या सुपरवायझरांनी अर्धा तास एकत्र राहावे, त्या वेळेचा पगार मिळावा, आणि अपुरे राहिलेले प्रत्येक काम दोघांनी जागेवर जाऊन पाहावे. कोणत्या वाल्वला कुलूप आहे, कुठे ब्लाइंड (वाहिनी बंद करणारी चकती) घातली आहे, कोणता अलार्म तात्पुरता बंद ठेवला आहे, एवढे तीन प्रश्न रोज विचारले गेले तरी पुष्कळ काही हाती लागते. एकाच यंत्रावर दोन परमिटे असतील तर ती एकमेकांना टाचलेली असावीत आणि कंट्रोल रूममधल्या फळीवर त्या यंत्राच्या चित्रावरच लटकवलेली असावीत. पायपर अल्फावर नेमके हेच नव्हते.

परमिटबद्दल आणखी थोडे विस्ताराने सांगतो, कारण हा विषय आपल्याकडे सर्वांत जास्त कागदी झाला आहे. ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेटचे 105 क्रमांकाचे मानक वर्क परमिटविषयी आहे आणि ते चांगले आहे. आपल्या केंद्राची पद्धतही बहुधा त्याच्यावरच बेतलेली असेल. अडचण मानकात नाही. अडचण अशी आहे की सकाळी आठ ते साडेआठ या वेळात एक अधिकारी टेबलावर बसून पंधरा परमिटांवर सह्या करतो. जो अधिकारी जागेवर गेला नाही, त्याला त्या टाकीशेजारच्या गटारात काल रात्री उत्पादन सांडले आहे हे कसे कळणार? माझ्या हाती अधिकार आला तेव्हा मी नियम केला की हॉट वर्क (वेल्डिंगसारखे ठिणगी उडवणारे काम) आणि बंदिस्त जागेच्या परमिटवर सही कामाच्या जागीच व्हायची आणि काम करणारा मुकादम त्या वेळी समोर हवा. पहिल्या महिन्यात परमिटांची संख्या जवळजवळ निम्मी झाली, कारण कुणीही एका सकाळी पंधरा ठिकाणी चालत जाऊ शकत नाही. काही कामे पुढे ढकलली गेली, वरून नाराजी आली. पण त्यातली अनेक कामे त्याच दिवशी होण्याची मुळीच गरज नव्हती, हेही तेव्हाच उघड झाले.

आता वायू आणि वाफ. गोव्यात 2019च्या ऑक्टोबरमध्ये नाफ्थाने भरलेले ‘नू शी नलिनी’ जहाज दोनापावलाजवळ खडकांवर रुतले, तेव्हा नाफ्था हा शब्द घराघरांत पोचला. आपल्या कामगारांना तो शब्द रोजचा आहे, पण त्याचा स्वभाव किती जणांना नीट माहीत आहे? नाफ्था काय, पेट्रोल काय, त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते, गटारात, खड्ड्यात, टाकीभोवतीच्या बांधाच्या आत साचून राहते आणि शंभर-दीडशे मीटर दूरच्या ठिणगीपर्यंतही पोचू शकते. जयपूरच्या सीतापुरा डेपोत 29 ऑक्टोबर 2009 रोजी असेच झाले. वाल्व हाताळण्याच्या क्रमातल्या एका चुकीने पेट्रोल उसळून बाहेर आले, तिथली माणसे वाफेने कोसळली, दूरवरून बंद करायची सोय कामाची राहिली नव्हती, आणि तासाभराहून अधिक वेळ वाफेचा ढग पसरत राहून शेवटी फुटला. अकरा जणांचा जीव गेला. माणूस जवळ जाऊ शकत नाही अशी वेळ आली तर वाल्व कसा बंद होईल, हा प्रश्न प्रत्येक टाकीसाठी आजच विचारून ठेवावा.

गॅस मीटरविषयी एक गैरसमज मी चांगल्या चांगल्या सुपरवायझरांमध्येही पाहिला आहे. मीटरवर एलईएल 10 टक्क्यांच्या आत असले की टाकी ‘सेफ’ असे ते मानतात. एलईएल म्हणजे वाफ पेट घेऊ शकेल अशी हवेतली किमान पातळी. पेट्रोलसाठी ती साधारण 1.4 टक्के असते. म्हणजे मीटरवरचे 10 टक्के हे प्रत्यक्षात हवेतले 0.14 टक्के, अर्थात दहा लाखांत 1400 भाग झाले. पेट्रोलच्या वाफेत आठ तास काम करण्यासाठी सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा 300 भागांची आहे. आग लागणार नाही, इतकेच तो आकडा सांगतो. माणूस गरगरून खाली बसणार नाही असे तो सांगत नाही. म्हणून बंदिस्त जागेसाठी तीन आकडे वेगवेगळे पाहावेत: ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत पाऊल नको, हॉट वर्कसाठी एलईएल शून्यच हवे, आणि विषारी वायूंची मर्यादा स्वतंत्रपणे तपासायला हवी. हायड्रोजन सल्फाइडबाबत नाकावर विसंबून राहू नये. कच्चे तेल, टाकीतला गाळ, सांडपाण्याचे खड्डे अशा ठिकाणी तो असतो. सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण 100 भागांच्या आसपास नाक बधिर होते आणि वास थांबला म्हणजे वायू गेला असे माणसाला वाटते. कामगारांना मी हे असे सांगत असे: वास आला तर बाहेर या, आणि येणारा वास अचानक थांबला तर त्याहून लवकर बाहेर या.

एक प्रसंग सांगतो, कारण त्याने माझी कामाची पद्धत बदलली. एका केंद्रात टाकी साफ करण्याचे काम चालू होते. सकाळी साडेसातला मॅनहोलपाशी गॅस टेस्ट झाली, सारे आकडे व्यवस्थित होते, परमिटवर सही झाली. टाकीत हवा खेळवणारा ब्लोअर उशिरा आला, मग चहा झाला, आणि दोन माणसे प्रत्यक्षात आत उतरली तेव्हा पावणेअकरा वाजले होते. तोवर मे महिन्याचे ऊन टाकीच्या पत्र्यावर चांगलेच तापले होते. तळाचा गाळ फावड्याने हलवू लागताच त्यात अडकलेली वाफ मोकळी झाली. हेल्पर काही न बोलता खाली बसला. मॅनहोलवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला नेमके तेव्हाच कुणीतरी बादली आणायला पाठवले होते. आतल्या दुसऱ्या माणसाने हाक मारली. बाहेरचा एक वेल्डर तसाच आत शिरायला निघाला आणि मुकादमाने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढले. सुदैवाने हेल्परच्या हार्नेसला दोर बांधलेला होता, त्यानेच त्याला बाहेर ओढता आले. तो मोकळ्या हवेत शुद्धीवर आला. विहिरीत किंवा शौचटाकीत एकामागून एक उतरलेले तिघे-चौघे दगावल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्यातला पहिला सोडला तर बाकीचे वाचवायलाच उतरलेले असतात. त्या मुकादमाने त्या दिवशी दुसरा मृत्यू टाळला, असे मी आजही मानतो.

त्यानंतर आम्ही ठरवले की टेस्ट आणि प्रवेश यांत अर्ध्या तासाहून अधिक खंड पडला तर टेस्ट पुन्हा घ्यायची, आत जाणाऱ्याच्या छातीवर सतत चालू राहणारा मीटर असायचा, आणि टेस्ट फक्त मॅनहोलच्या तोंडाशी न घेता वर, मध्ये आणि तळाशी घ्यायची. मॅनहोलवरच्या माणसाच्या दंडाला लाल पट्टी बांधली. ज्याच्या दंडाला ती पट्टी आहे त्याला दुसरे कोणतेही काम सांगायचे नाही, मग सांगणारा व्यवस्थापक का असेना. या पट्टीला खर्च काही आला नाही, पण मी केलेल्या बदलांत सर्वांत उपयोगी तीच ठरली असे मला वाटते.

टाकीच्या माथ्यावरचे झाकण उघडून पातळी मोजणे किंवा नमुना काढणे हे काम फार किरकोळ समजले जाते आणि पुष्कळदा एकट्या माणसाला पाठवले जाते. अमेरिकेत तेलविहिरींच्या परिसरातल्या टाक्यांवर 2010 ते 2014 या पाच वर्षांत असे मोजमाप करताना किंवा नमुना घेताना 9 कामगार मेल्याचे तिथल्या सरकारी संस्थांनी नोंदवले आहे. झाकण उघडताच हलक्या हायड्रोकार्बनांचा दाट लोट तोंडावर येतो, हवेतला ऑक्सिजन बाजूला सरतो आणि माणूस काही मिनिटांत कोसळतो. आपल्या केंद्रात हे काम कोण, कधी आणि कुणाच्या नजरेसमोर करतो ते पाहावे. वाऱ्याकडे पाठ न करता वारा बाजूने येईल असे उभे राहणे, झाकण उघडून लगेच न वाकणे आणि खाली कुणीतरी पाहत असणे, इतके तरी आजपासून होऊ शकते.

यापुढचा सांधा भाषेचा आहे. आपल्या साठ जणांत ओडिशा, झारखंड, बिहार आणि उत्तर कर्नाटकातले लोक असणार. गोव्यातल्या बहुतेक कंत्राटांत तसेच असते. परमिट इंग्रजीत, टॉक हिंदीत, मुकादमाच्या सूचना अर्ध्या कोकणीत, आणि घाबरलेला माणूस बोलतो ते त्याच्या मायबोलीत. टॉक संपताना ‘समजले का?’ असे विचारले की साठ तोंडांतून ‘हो साहेब’ येते. तो प्रश्न कायमचा सोडून द्यावा. त्याऐवजी एकाला पुढे बोलावून सांगावे की फ्लँज उघडताना आत दाब शिल्लक असल्याचे कळले तर तू आधी काय करशील ते इथे करून दाखव. तो स्वतःच्या शब्दांत, हातवारे करून सांगतो, आणि आपल्याला लगेच कळते की काल सांगितलेले त्याच्यापर्यंत किती पोचले. मी एकदा अशा रीतीने पाहिले तेव्हा नऊपैकी सहा जणांना वाटत होते की ब्लाइंड घातली की सेफ्टी वाल्वची गरज उरत नाही. त्या नऊ जणांच्या सह्या प्रशिक्षणाच्या वहीत व्यवस्थित होत्या. टॉक रोज तेच असेल तर माणूस उभ्या उभ्या झोपतो. आज ज्या कामावर तो जाणार आहे त्या कामात आज काय जीव घेऊ शकते, एवढेच पाच मिनिटे बोलावे, आणि आठवड्यातून निदान दोनदा ते मुकादमाने किंवा जुन्या फिटरने बोलावे.

आता मी सर्वांत कठीण मुद्द्याकडे येतो. काम थांबवण्याचा अधिकार सर्वांना आहे, असे फलक आपल्याही केंद्रात असतील. भोपाळनंतर 1987मध्ये कारखाने अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिने जिवाला तात्काळ धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला कायद्यानेच दिला. पण रोजंदारीवरचा माणूस काम थांबवतो तेव्हा त्याची हजेरी कोण भरतो, हे कुठल्याच फलकावर लिहिलेले नसते. एका पावसाळ्यात जेट्टीवर क्रेनने पाइपांचा गठ्ठा उचलायचा होता, वारा वाढला होता, आणि एका अनुभवी खलाशाने हात वर करून लिफ्ट थांबवली. त्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. मी स्वतः त्याला सर्वांसमोर शाबासकी दिली. संध्याकाळी कंत्राटदाराने पूर्ण गँगची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. मला हे तीन आठवड्यांनी कळले. त्यानंतर सहा महिने त्या जेट्टीवर कुणीही हात वर केला नाही, आणि याचा दोष मी त्या कामगारांना देऊ शकत नाही.

म्हणून पुढचे कंत्राट काढताना त्यात एक वाक्य घालून घ्यावे की सुरक्षेच्या कारणाने थांबलेल्या वेळेची मजुरी पूर्ण दिली जाईल आणि ती कंपनी भरून देईल. त्याच कंत्राटात ब्लोअर, गॅस मीटर, पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला श्वसनाचा बीए सेट, मॅनहोलवरचा माणूस, मचाण या गोष्टी एकगठ्ठा दरात मिसळू न देता त्यांच्या मोजणीच्या वेगळ्या बाबी कराव्यात. सर्व काही एका रकमेत धरले की सर्वांत कमी दराची निविदा जिंकणारा कंत्राटदार याच वस्तूंवर काटकसर करतो. आपणच त्याला तसे करायला भाग पाडतो. वेगळी बाब असली तर वस्तू आणल्याशिवाय त्याचे बिल निघत नाही. सुरक्षा अधिकारी सहसा निविदा विभागाच्या खोलीत जात नाहीत. आपण मात्र जावे, कारण फील्डवरच्या कितीतरी जखमांचे मूळ त्या खोलीत असते.

नोंदवही कोरी असण्याचा आपल्याला आनंद होत नाही, हे वाचून मला समाधान वाटले. डीपवॉटर होरायझन ही ड्रिलिंग रिग 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात पेटली आणि 11 कामगार मरण पावले. त्याच दिवशी वरिष्ठ अधिकारी रिगवर आले होते आणि तिथे सात वर्षे कामाचा एकही दिवस दुखापतीमुळे बुडाला नव्हता याचे कौतुक चालले होते. घसरून पडणे, बोट चिरणे यांचा हिशेब आणि वायू कोंडून ठेवणाऱ्या अडथळ्यांचा हिशेब हे वेगळे आहेत. पहिला चांगला असताना दुसरा पूर्ण बिघडलेला असू शकतो. त्यामुळे दर महिन्याला वरिष्ठांपुढे ठेवायच्या कागदावर आपण वेगळे आकडे मांडावेत: किती सेफ्टी वाल्वची तपासणी मुदतीबाहेर गेली आहे, किती अलार्म आणि ट्रिप (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी सोय) बंद करून ठेवले आहेत आणि किती दिवसांपासून, टाकी भरून वाहू नये म्हणून असलेला स्विच शेवटचा कधी तपासला, कामगारांनी कळवलेल्या धोक्यांपैकी किती दुरुस्त झाले. यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. कामगाराने सांगितलेली पहिली गोष्ट, मग ती तुटलेली जाळी असो की न लागणारा दिवा, दोन दिवसांत दुरुस्त झालेली त्याला दिसली तर तो दुसरी गोष्ट सांगतो. नाही दिसली तर वही पुन्हा कोरी होते.

गोव्याच्या हवामानाविषयी वेगळे बोलायला हवे, कारण आपली बरीच मानके आणि प्रशिक्षणाची पुस्तके कोरड्या प्रदेशांचा विचार करून लिहिलेली वाटतात. एप्रिल-मेमध्ये इथे तापमानाचा आकडा विदर्भाच्या मानाने कमी असतो, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. आगरोधक कापडाचा अंगभर सूट घालून टाकीच्या छतावर काम करणारा माणूस तासाभरात थकतो. उष्माघाताचा सर्वाधिक धोका कामाच्या पहिल्या काही दिवसांत असतो. म्हणून गावाहून नुकत्याच आलेल्या किंवा लांब रजेवरून परतलेल्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा पाचवा हिस्साच द्यावा आणि रोज तेवढाच वाढवत न्यावा, हा अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेचा सल्ला मी इथे वापरून पाहिला आहे आणि तो उपयोगी पडतो. उन्हातली कामे सकाळी सहा ते साडेदहा या वेळात उरकावीत. पाणी गेटपाशी न ठेवता कामाच्या जागी ठेवावे.

पावसाळ्यात वाहिनीसाठी किंवा तिच्या दुरुस्तीसाठी खणलेले चर हा मोठा धोका आहे. वरचा जांभा दगडासारखा उभा दिसतो, म्हणून मुकादम म्हणतो की आधाराची गरज नाही. पण जांभ्याच्या थराखाली मऊ शेडी माती असते, ती पाण्याने भिजली की वरचा कडक थर अख्खाच्या अख्खा आत येतो. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराच्या फळ्या किंवा उतरती कड नसेल तर माणूस उतरवू नये, काढलेली माती कडेपासून दूर टाकावी, आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर चर पुन्हा तपासूनच माणसे आत सोडावीत. दुसऱ्या कुणाचा जेसीबी आपल्या वाहिनीवर आदळणे ही याचीच दुसरी बाजू आहे. भूमिगत वाहिन्यांच्या मालकांना खोदकामाआधी कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने 2023च्या मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले आहे. पंचायतीच्या रस्त्यांची आणि नळजोडणीची कामे करणाऱ्या स्थानिक कंत्राटदारांना ते माहीत आहे का, हे आपण स्वतः जाऊन विचारावे. वाहिनीच्या मार्गावरच्या प्रत्येक पंचायतीत एक तास बसलात तर तो तास वाया जाणार नाही.

वादळाच्या बाबतीत मी एवढेच सांगेन की कोणत्या वाऱ्याला क्रेन थांबवायची, कोणत्या इशाऱ्याला जेट्टी रिकामी करायची, हे आकडे शांत हवेत लिहून ठेवावेत. तौक्ते वादळ 16 मे 2021 रोजी गोव्याला झोडपून उत्तरेकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी मुंबई हायजवळ पी-305 ही निवासी बार्ज बुडाली. सत्तरहून अधिक माणसे गेली, आणि ती बहुतेक कंत्राटी कामगारच होती. इशारा आधीच मिळालेला होता. इशारा मिळाल्यावर कुणी, किती वाजता, कुणाला न विचारता निर्णय घ्यायचा हे ठरलेले नसेल तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या फोनची वाट पाहतो. आपल्या जेट्टीवर तो अधिकार पाळीच्या सुपरवायझरकडे असावा आणि त्याने काम थांबवल्याबद्दल नंतर कुणी जाब विचारू नये.

वाहनांचाही उल्लेख करायला हवा. अमेरिकेतल्या तेल-वायू उत्खननात वाहन अपघात हे कामगारांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण राहिले आहे, आणि आपल्याकडे पिकअपच्या मागच्या हौद्यात दहा माणसे आणि दोन सिलिंडर बसवून नेण्याची पद्धत अजून गेलेली नाही. ती आजच बंद करता येते.

पैशाविषयी आपण स्पष्ट विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. आधी चार वायूंचे छातीवर लावायचे मीटर घ्यावेत आणि त्यांची बंप टेस्ट, म्हणजे थोडा वायू सोडून मीटर खरोखर दाखवतो का ही पडताळणी, रोज व्हावी. बंप टेस्ट न झालेला मीटर हा खोटा धीर देणारा डबा आहे. त्यानंतर कुलपे, टॅग आणि ब्लाइंडची नोंदवही. नंतर मॅनहोलसाठी ट्रायपॉड, विंच आणि दोन बीए सेट. नवे फलक, नवे पोस्टर, सुरक्षा सप्ताहाचे मंडप यांना या वर्षी थांबू द्यावे. प्रशिक्षणासाठी दूर जाण्याचे कारण नाही; ओएनजीसीने 1989मध्ये दक्षिण गोव्यातल्या बेतुल इथे पेट्रोलियम सुरक्षेची संस्था उभारली आहे आणि समुद्रात तग धरण्याचे प्रशिक्षण देणारे सी सर्व्हायव्हल सेंटरही 2024पासून तिथेच आहे. आपल्या मुकादमांपैकी निदान चौघांना तिकडे पाठवता येते का ते पाहावे. अधिकाऱ्यांपेक्षा आधी मुकादमांना पाठवावे, असे मी मुद्दाम म्हणतो आहे.

आणि बंदिस्त जागेतून माणूस बाहेर काढण्याचा सराव या महिन्यातच, खऱ्या टाकीपाशी, ऐंशी किलोचा वाळूचा पुतळा आत ठेवून करावा. ऑक्सिजन न मिळालेल्या मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटे पुरतात. आम्ही तो सराव पहिल्यांदा केला तेव्हा पुतळा बाहेर यायला बावीस मिनिटे लागली: ट्रायपॉड गोदामात होता, गोदामाची चावी ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता, आणि मॅनहोलपेक्षा बीए सेटचा सिलिंडर पाठीवर घेतलेला माणूस रुंद ठरला. चौथ्या सरावाला साडेचार मिनिटे लागली. मधल्या काळात आम्ही विकत काहीच घेतले नव्हते. ट्रायपॉड काम सुरू होण्याआधी मॅनहोलवर उभा करायचा, विंचचा दोर आत जाणाऱ्याच्या हार्नेसला सुरुवातीपासूनच जोडलेला ठेवायचा आणि परमिटवर सही करण्याआधी या दोन गोष्टी अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहायच्या, एवढेच ठरवले होते.